मान धरली की आधी हँडलवरचे हात बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 38, आयटीतली नोकरी, रोज हडपसर ते हिंजवडी आणि परत. गाडी दीडशे सीसीची, पुढे वाकून चालवायची, क्लिप-ऑन हँडलची (म्हणजे एकसंध दांडी नाही, पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांवर दोन सुटे तुकडे). पाठीवर लॅपटॉपची सॅक. अर्ध्या-पाऊण तासात मानेच्या मुळाशी आग व्हायला लागते आणि उजवा खांदा भरून येतो. एक्स-रेत 'स्पॉन्डिलोसिसची सुरुवात', म्हणजे मणक्यांची झीज, निघाली, गळ्याला पट्टा आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्या, दुखणं तिथेच. घरचे म्हणतात, गाडी विकून स्कूटर घ्या. काय करावं?

विकायचा विषय थोडा बाजूला ठेवा, त्यावर येतोच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः रोज मोटरसायकल चालवतो, आणि दुचाकीवाल्यांच्या माना हा माझ्याकडचा बारमाही विषय आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: दुखते मान, पण गडबड बहुतेक वेळा हातांत असते. शरीराचं वजन तळहातांवर पडतं, मूठ आवळली जाते आणि ते सगळं खांद्यामार्गे मानेच्या गळ्यात पडतं. म्हणून मान चोळली, शेकली, पट्टा बांधला की दोन दिवस बरं वाटतं आणि गाडीवर बसलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आधी तुमच्या रिपोर्टबद्दल, कारण त्या शब्दाने लोक निम्मे खचतात. चाळिशीच्या आसपास मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसणं अगदी सर्रास आहे. ज्यांची मान आयुष्यात कधी दुखली नाही त्यांचे एक्स-रे काढले तरी त्यातल्या बऱ्याच जणांत ती दिसेल. तुमचं दुखणं गाडीवर बसल्यावर अर्ध्या तासाने सुरू होतं आणि रविवारी घरी असलात की नसतं. झिजलेला मणका काही रविवारची सुट्टी घेत नाही. हे स्नायूंचं दुखणं आहे, आणि ते कमी करता येतं. पट्टा मात्र गाडी चालवताना अजिबात बांधू नका. मान वळत नाही, मागून येणारा टेम्पो दिसत नाही. दुखणं परवडलं.

पण काही लक्षणं अशी आहेत की ती असतील तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टर गाठायचा. दुखणं मानेतून निघून दंडावरून कोपराच्या खाली उतरत असेल आणि सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल. हाताची पकड ढिली पडली असेल, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना पाय लटपटत असतील, लघवीवरचा ताबा बदलला असेल. यातली शेवटची तीन लक्षणं मज्जारज्जूवर दाब आल्याची असू शकतात, तिथे उद्यावर ढकलायचं नाही. गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, तापासोबत ताठ झालेली मान, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही न हलणारं दुखणं, हेही याच रांगेत. आणि डावा खांदा, जबडा, छातीत दडपण, दरदरून घाम असं एकत्र आलं तर गाडी कडेला लावून सरळ दवाखाना. तो मानेचा विषयच नाही. मधुमेह असेल आणि गाडीवर नसतानाही हात वर जात नसेल, मागे खिशाकडे वळत नसेल, तर खांद्याचा सांधा आखडलाय का ते तपासून घ्या. मधुमेहींत फ्रोझन शोल्डर जास्त दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

यातलं काही नसेल तर आता गाडीकडे वळू.

डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. त्यावर सव्वा-दीड किलोचं हेल्मेट. सरळ बसलेल्या माणसाचं हे वजन मणक्यांच्या रांगेवर तोललं जातं, स्नायूंना फार काम पडत नाही. पुढे वाकलं की डोकं त्या रांगेच्या पुढे येतं, आणि रस्ता तर दिसायला हवा, म्हणून हनुवटी वर उचलावी लागते. कवटीच्या बुडाशी जे छोटे स्नायू आहेत ते त्या स्थितीत तासभर आखडून राहतात. दुसरीकडे तळहातांवर वजन आलं की खांदे नकळत कानांकडे चढतात. मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस आणि त्याच्या खालून मानेला फऱ्याशी जोडणारा लिव्हेटर स्कॅप्युली, हे दोघं मग सुट्टीच घेत नाहीत. सतत ताणून धरलेल्या स्नायूला रक्तही नीट मिळत नाही. तुम्ही जिला आग म्हणताय ती बहुतेक हीच.

आता तुमच्या गाडीची खास अडचण. वाकून चालवायच्या गाडीची बैठक मोकळ्या रस्त्यावरच्या वेगासाठी असते. 90-100 च्या वेगात समोरचा वारा छातीला आधार देतो, हातांवरचं वजन कमी होतं. तुम्ही ती चालवता वाकडच्या पुलाखाली, 15 च्या वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तिथे वाऱ्याचा आधार शून्य, ब्रेक सतत, आणि प्रत्येक ब्रेकला अंग पुढे सरकून वजन मनगटांवर. म्हणूनच तुमच्यासारखे लोक मला सांगतात की महाबळेश्वरला जाऊन आलो तेव्हा इतकं दुखलं नाही, ऑफिसला जाताना दुखतं. आश्चर्य वाटायचं कारण नाही.

कुठे दुखतं यावरून बरंच कळतं. कवटीच्या बुडाशी दुखून डोक्यात चढत असेल तर हनुवटी फार वर राहतेय: एकतर बैठक फार वाकलेली, नाहीतर चष्मा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लावणारे पंचेचाळिशीचे लोक लांबचं नीट दिसावं म्हणून डोकं पुढे-मागे कलवत बसतात, आणि पुढे वाकलेल्या बैठकीत तर फारच. त्यांच्यासाठी गाडी चालवायला फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा हा कुठल्याही व्यायामापेक्षा मोठा उपाय ठरू शकतो. दोन फऱ्यांच्या मधे दुखत असेल तर हात फार लांब पोचवावे लागतायत, पाठीला कुबड येतंय. दोन्ही खांद्यांच्या माथ्यावर दुखत असेल तर सॅक आणि चढवलेले खांदे. एकाच बाजूला दुखत असेल तर आधी माणसावर नाही, गाडीवर संशय घ्या.

तुमचा उजवा खांदा दुखतो. गाडी कधी पडली होती का? पार्किंगमध्ये कुणी ढकलून उजव्या बाजूवर पाडली असेल तरी पुरे. क्लिप-ऑन हँडल फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, नळीवर जरासं फिरतं, साधं हँडल वाकतं, आणि रोजच्या सवयीने ते डोळ्यांना कळतही नाही. गाडी सपाट जागी उभी करा, पुढचं चाक सरळ ठेवा, दहा पावलं मागे जाऊन टाकीच्या झाकणाच्या रेषेत दोन्ही मुठी बघा. एक मूठ पुढे किंवा खाली असेल तर लगेच दिसेल. मग मोजपट्टीने दोन्ही मुठींचं टाकीच्या झाकणापासूनचं अंतर मोजा. दुसरं, ॲक्सिलेटरची केबल. ती कोरडी पडली, गंजली किंवा कुठे दुमडली की मूठ जड फिरते आणि उजवा हात दिवसभर कुस्ती खेळतो. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवून सोडा; पट्कन स्वतःहून मागे यायला हवी. रेंगाळली तर केबल बदलून घ्या, किरकोळ खर्च आहे. शिवाय मूठ रेंगाळणं हा मानेपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. डाव्या खांद्यासाठी हाच तपास क्लचचा: केबलला तेल, आणि लिव्हरला गाडीच्या पुस्तिकेत लिहिलाय तेवढा खेळ. ट्रॅफिकमध्ये क्लच किती वेळा दाबला जातो त्याची गणती नाही, तो लोण्यासारखा नसला तरी दोन बोटांत दबला पाहिजे.

मागच्या खिशातलं पाकीटही तपासा. जाड पाकिटावर बसलं की कंबर एका बाजूला कलते, पाठीचा कणा त्याची भरपाई वर मानेत करतो. पाकीट जॅकेटमध्ये ठेवा. फुकटचा उपाय आहे, म्हणून कुणी करत नाही.

यानंतर लिव्हरचा कोन. हे मी जवळपास प्रत्येकाला करायला लावतो. गाडीवर नेहमीसारखं बसा, मुठी धरा आणि बोटं सरळ करून क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा. बाजूने कुणाला तरी फोटो काढायला सांगा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ तिरकी रेष दिसायला हवी. बहुतेक गाड्यांत लिव्हर जमिनीला समांतर बसवलेले असतात, मग बोटं त्यावर ठेवायला मनगट मागे मोडावं लागतं, मनगट मोडलं की कोपर खाली पडतं आणि खांदा वर चढतो. लिव्हरच्या बुडाचा बोल्ट सैल करून तो थोडा खाली फिरवायचा आणि पुन्हा घट्ट करायचा. काही गाड्यांत जागेवर धरणारी पिन असते, तिथे फिरत नाही. जबरदस्ती करू नका. फिरवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल किंवा ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, लिव्हर टाकीला लागत नाही ना. पाच मिनिटांचं काम, गल्लीतला मेकॅनिक चहा होईपर्यंत करून देतो.

तुमच्या गाडीला साधं एकसंध हँडल असतं तर ते क्लॅम्पमध्ये थोडं मागे फिरवा किंवा 20-25 मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, लावा म्हटलं असतं. उभ्या बैठकीच्या गाड्यांवर तेवढ्यानेही फरक पडतो. नाना पेठेत असे रायझर सहज मिळतात, फक्त केबलची लांबी पुरते का ते लावण्याआधी बघायचं, लावल्यावर नाही. क्लिप-ऑनला हा मार्ग जवळपास बंद असतो. वर चढवायचे तयार संच काही मॉडेलना येतात, पण हँडलशी खेळणारा जुगाड मी कुणालाही सुचवणार नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत मुख्य काम बैठकीवर आहे, आणि इथे थोडा वेळ देऊन वाचा.

बहुतेक लोक पुढे वाकतात ते पाठीतून. कंबर जागेवर, पाठीला कुबड, आणि कुबडाच्या टोकावर मान उलटी मोडलेली. त्याऐवजी बूड सीटवर मागे न्या, टाकीपासून चार बोटं अंतर सुटेल इतकं, आणि वाकायचं ते खुब्यातून. पाठ लांब आणि सरळ, पोटात जरासा ताण. असं वाकलं की हनुवटी तितकी वर उचलावी लागत नाही. मग दोन्ही मांड्यांनी टाकी धरायची. दाबून चेपायची नाही, पण ब्रेक मारल्यावर अंग पुढे घसरणार नाही इतकी. ब्रेकचा जोर मांड्यांनी झेलायचा, तळहातांनी नाही. टाकी गुळगुळीत असेल तर बाजूला चिकटवायचे रबरी पॅड मिळतात. सीट पुढे उतरती असेल किंवा वर गुळगुळीत रेक्झिनचं कव्हर चढवलं असेल तर तुम्ही कितीही ठरवलं तरी घसरत राहणार. सीटवाल्याकडून पुढच्या भागात थोडा फोम भरून घ्या, कव्हर खडबडीत घ्या.

आता खरी परीक्षा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, सावकाश वेगात, मुठी धरलेल्याच ठेवून दोन्ही कोपरं वर-खाली हलवून बघा. हलली तर वजन मांड्या-कमरेवर आहे. हलली नाहीत किंवा हँडल डगमगलं तर तुम्ही हँडलला लटकलेले आहात. बोटंही तशीच: पेटीवाला सुरांवर बोटं ठेवतो तेवढ्याच भाराने मुठीवर असावीत, दाब फक्त ब्रेक आणि क्लचच्या वेळी. उजवी मूठ तळहातात आडवी दाबून न धरता थोडी तिरकी, बाहेरच्या कडेने धरा. म्हणजे ॲक्सिलेटर द्यायला कोपर उचलावं लागत नाही, नुसता हात फिरतो.

सवय लागायला सिग्नल वापरा. पुण्यात सिग्नलची कमतरता नाही. लाल दिवा दिसला की न्यूट्रल, डावा हात हँडलवरून काढून मांडीवर. खांदे एकदा कानांपर्यंत उचला, श्वास सोडत खाली टाका. मग गाडी निघाल्यावर लक्ष ठेवा, ते परत किती वेळात चढतात. एखादी पीएमपी बस अंगावर आली की चढतातच, माझेही चढतात. मुद्दा ते खाली आणण्याचा आहे. आणि मान-खांद्यात मोबाईल धरून बोलणं, किंवा हेल्मेटमध्ये खुपसून बोलणं, हे करणाऱ्याच्या मानेवर मी उपचार करतो पण सहानुभूती दाखवत नाही. नकाशासाठी फोन हँडलवर खाली लावला असेल तर तोही मान खाली-वर करायला लावतो. रस्ता कानात सांगणारा आवाज पुरतो.

सॅकबद्दल. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, सगळं मिळून पाच-सहा किलो सहज होतं, आणि पट्टे नेमके त्या ट्रॅपेझियसच्या माथ्यावर रुततात. सगळ्यात चांगलं, सॅक पाठीवरून उतरवा: मागच्या सीटवर बांधायची टेल बॅग घ्या, लॅपटॉपला फोमचं कव्हर करा. ते जमत नसेल तर सॅकचे पट्टे इतके सैल करा की तिचं बूड मागच्या सीटवर टेकेल. वजन सीट उचलते, खांदे नुसते तोल धरतात. वर छातीवरचा पट्टा लावा म्हणजे सॅक बाजूला झुलणार नाही. एका खांद्यावर तिरकी लटकवायची लॅपटॉप बॅग गाडीवर नकोच. याच ओघात मागे बसणाऱ्यांबद्दलही: आपल्याकडे मागचं माणूस खांद्याला धरून बसतं आणि प्रत्येक गतिरोधकाला त्यावर भार देऊन उचललं जातं. त्यांना कंबर किंवा मागची दांडी धरायला सांगा. बायकोला हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

हेल्मेट जड आहे म्हणून दुखतं, असं बरेच जण म्हणतात, आणि मग टोपीसारखं अर्धं हेल्मेट घेतात. हे करू नका. शंभर-दोनशे ग्रॅमपेक्षा मापाचा फरक मोठा असतो. सैल हेल्मेट वाऱ्याने वर उचललं जातं, हलतं, आणि मान ते सतत सावरत राहते. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर मोजा, त्या मापाचं आणि आयएसआयचा शिक्का असलेलं फुल फेस घ्या. पट्टा बांधून हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं तर गालांची कातडी सोबत हलली पाहिजे. मागची कड धरून पुढे उपटायचा प्रयत्न केला तर निघता कामा नये. ॲडव्हेंचर पद्धतीची, कपाळावर छज्जा असलेली हेल्मेटं दिसतात झकास, पण हायवेवर तो छज्जा वारा पकडतो आणि डोकं मागे ओढतो. काच उघडी ठेवून वेगात गेलं तरी तेच. हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांच्या मानेची तर गोष्टच वेगळी.

वाऱ्याचा हिशेब असा आहे की वेग दीडपट झाला की दाब सव्वादोन पट होतो. 60 चे 90 केलेत की छाती आणि हेल्मेटवरचा रेटा दुपटीहून जास्त. उभ्या बैठकीच्या आणि पाय पुढे ठेवायच्या क्रूझर गाड्यांवर याचा त्रास जास्त, कारण वारा मागे ढकलतो आणि माणूस हँडलला धरून स्वतःला पुढे ओढत राहतो. त्यांची मान समोरून, गळ्याच्या बाजूने दुखते. पुढे मोठी काच लावणं हा उपाय आहेही आणि नाहीही. काच चुकीच्या उंचीची असेल तर तिच्या कडेवरून फिरलेला वारा थेट हेल्मेटवर आपटतो आणि डोकं थरथरतं. हायवेच्या सरळ पट्ट्यात, मागेपुढे गाडी नसताना, डोकं चार बोटं खाली करून बघा, मग जरा उंच होऊन बघा. खाली केल्यावर शांत झालं तर काच कमी उंचीची आहे. वर केल्यावर शांत झालं तर काचच त्रास देतेय. काढून टाकली तरी कदाचित बरं वाटेल.

टायरच्या हवेचं थोडक्यात: पंपावरचा पोरगा विचारेल तेव्हा 'टाक 35-40' म्हणू नका, गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा सांगा, टायर थंड असताना. जास्त हवेच्या टायरवरून प्रत्येक पेव्हर ब्लॉक मानेपर्यंत पोचतो.

लांबच्या प्रवासात तासाभराने थांबा. थांबणं म्हणजे गाडीवर बसूनच मोबाईल बघणं नव्हे. उतरायचं, हेल्मेट काढायचं, दहा-पंधरा पावलं चालायचं, पाणी प्यायचं. ताम्हिणी घाटात पहाटेच्या गारठ्यात किंवा पावसात भिजलेल्या अंगाने चालवताना खांदे थंडीनेही वर चढतात, म्हणून गळ्याला बफ किंवा मफलर हवाच. आपल्याकडचे जुने लोक 'हवा लागली' म्हणतात त्यात एवढं तथ्य नक्की आहे.

आता विकायचा प्रश्न. वरचं सगळं केलं, खालचे व्यायाम सहा-आठ आठवडे केले, आणि तरी त्याच रस्त्यावर तेवढंच दुखत असेल, तर गाडी तुमच्या रस्त्याची नाही असं म्हणून उभ्या बैठकीची घ्या. ती स्कूटरच असली पाहिजे असं नाही. लहान चाकांच्या स्कूटरवर खड्ड्यांचा दणका जास्त बसतो, आणि उंच माणसाचे गुडघे हँडलला लागून पाठीला पुन्हा कुबड येतंच. नवी गाडी शोरूमच्या समोर एक चक्कर मारून ठरवू नका. स्वतःचं हेल्मेट, स्वतःची भरलेली सॅक, आणि निदान अर्धा तास ट्रॅफिकमध्ये. मित्राकडे तीच गाडी असेल तर एक दिवस मागून आणा. डोळे मिटून सीटवर बसा, हात सहज पुढे सोडा, मग डोळे उघडा. हात मुठींच्या जवळपास पडले तर बैठक तुमची.

व्यायाम फार नकोत, पण रोज हवेत. सगळे मिळून बारा-पंधरा मिनिटं. पहिला, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं आणि हनुवटी आत ओढायची, डबल चिन येते तशी. खाली झुकवायची नाही, सरळ मागे. पाच मोजेपर्यंत धरा, दहा वेळा. फालतू वाटतो, पण मानेच्या समोरचे खोलातले स्नायू यानेच जागे होतात, आणि गाडीवाल्यांत ते हमखास झोपलेले असतात. दुसरा, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपरं अंगालगत ठेवून मागे ओढायचा, फरे एकमेकांकडे. खांदे कानांकडे जाऊ लागले की पट्टा फार कडक आहे. बारा-पंधराच्या दोन फेऱ्या, हा मात्र एक दिवसाआड. तिसरा, तळहात कपाळावर, मग एकेका कानावर, मग मागे ठेवून डोकं त्यावर हलकं दाबायचं, मान न हलवता, पाच मोजेपर्यंत. निम्म्याच जोराने.

ताण द्यायचे ते गाडीवरून उतरल्यावर, अंग गरम असताना. उजवा हात खुर्चीच्या बुडाला धरा, मान डावीकडे झुकवा, वीस-तीस सेकंद थांबा. मग मान डावीकडे वळवून स्वतःच्या काखेत बघितल्यासारखं खाली बघा. फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याशी जी गाठ तुम्हाला सतत दाबावीशी वाटते ती इथे ताणली जाते. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे न्या. दिवसभर संगणक आणि वर गाडी, त्यामुळे छातीचे स्नायू आखडून खांदे पुढे ओढत असतात. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर खुब्यातून वाकताच येत नाही, म्हणून त्यांचा ताण विसरू नका. दुखणं दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतं, ताकद यायला त्याच्या दुप्पट वेळ. मधे एखादा दिवस वाईट जाईल. घाबरून सगळं सोडून देऊ नका.

शेक, मलम, स्प्रे यांना माझा विरोध नाही, पंधरा मिनिटांचा गरम शेक रात्री बरा वाटतो. मात्र मान धरली की सलूनमध्ये कटिंगनंतर ती कडकन मोडून घेणं बंद करा. अचानक दिलेल्या त्या पिळाने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. क्वचित होते, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाते. तेल लावून माथ्यापासून खांद्यापर्यंत हलकं चोळून घ्या, बस. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे नकोत. पित्त, रक्तदाब, मूत्रपिंड यांचा प्रश्न असेल तर मुळीच नाहीत. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते. तुम्हाला मिळालेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांत अशी एखादी आहे का ते केमिस्टला विचारा, आणि असेल तर ती घेऊन गाडीला किल्ली लावू नका.

फिजिओकडे जाल तेव्हा नुसता एक्स-रे नेऊ नका. हेल्मेट आणि नेहमीसारखी भरलेली सॅक सोबत न्या, आणि मित्राकडून काढून घेतलेले गाडीवर बसलेले दोन फोटो: एक बाजूने, एक मागून. बाजूचा फोटो घरून निघून अर्धा तास गाडी चालवल्यावर काढलेला असावा, कारण बसल्या बसल्या सगळेच ताठ बसतात.